हजर, प्रगती उत्तम

माझे थोरले साडू जितक्या मनापासून, जितक्या नियमाने आणि जितक्या निरनिराळ्या कारणांनी घाबरत, तितका घाबरणारा माणूस नाशिक जिल्ह्यात तरी दुसरा झाला नसेल. झाला असेल तर तो घराबाहेर पडला नसणार, म्हणून आपल्याला ठाऊक नाही. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी अंधाराला भितो, कुणी सासऱ्याला, कुणी इन्कम टॅक्सवाल्यांना. पण ही माणसं उरलेल्या वेळात मजेत असतात. आमच्या साडूंना उरलेला वेळ असा नव्हताच. सकाळी नळाला पाणी आलं नाही की त्यांना दुष्काळाची भीती वाटे, आणि आलं की गोदावरीच्या पुराची. घरात सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते मला ‘पाव्हणं’ म्हणत. पंचवटीपलीकडच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे. नाशिकच्याच द्वारका चौकात माझं लग्नपत्रिका छापायचं छोटं दुकान होतं आणि त्या दुकानात एक कॉम्प्युटर होता. एवढ्या भांडवलावर त्यांनी मला यंत्रयुगातला आपला वकील नेमून टाकलं होतं.

त्यांचं घर सिडकोत. निघताना ते गॅसचा रेग्युलेटर स्वतः बंद करत, मग ताईंना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, बंद आहे का ते बघायला लावत, आणि तरीही द्वारकेला उतरले की माझ्या दुकानातून घरी फोन लावत. ताई फोन उचलून हॅलो म्हणतच नसत. ‘बंद आहे’ एवढं म्हणून खाली ठेवत. एकदा गावाहून त्यांच्या चुलत्यांनी फोन केला आणि ‘बंद आहे’ ऐकून ते वर्षभर रुसून बसले. फोन झाला की दादांपुढे दिवसातलं सगळ्यात मोठं संकट उभं राही. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांच्या अंगावर धावून येतात तो द्वारकेचा चौक ओलांडून त्यांना पलीकडची बस पकडायची असे. दादा रिक्षा करत. रस्ता ओलांडायला. जुने रिक्षावाले त्यांना ओळखत आणि न बोलता पलीकडे सोडत. एखादा नवखा विचारी, कुठे जायचं? दादा समोर बोट दाखवून म्हणत, तिथे. मग तो नवखा माझ्याकडे बघे आणि मी आत कंपोझिंग करायला निघून जाई.

कुत्र्यांशी ते अहो-जाहो करत. गल्लीच्या तोंडाशी कुत्रं दिसलं की दादा लांबूनच हात जोडल्यासारखे करून ‘बसा, बसा, उठू नका’ म्हणत, आणि खरं सांगतो, बहुतेक कुत्री बसून राहत. आम्ही एकदा सगळे वणीला गडावर गेलो होतो. चढताना दादांनी पायऱ्यांकडे बघितलं नाही म्हणून चढले. उतरताना खाली दरी दिसली, तेव्हा ते तोंड देवीकडे करून उलटे उतरायला लागले. लोकांना वाटलं, काहीतरी कडक नवस असणार. निम्म्या वाटेवर मागे पाहिलं तर दादांच्या मागोमाग एक कुटुंब श्रद्धेने उलटं उतरत होतं. आणि टेलिफोनचं तर विचारूच नका. फोनची घंटा ही मयताची बातमी सांगायलाच वाजते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. त्यामुळे ते फोन उचलला की हॅलोऐवजी दबक्या आवाजात विचारत, “कोण गेलं?” समोरच्याने कुणी गेलं नाही अशी खात्री दिल्यावरच पुढचं बोलणं होई.

असा हा माणूस वर्गात मात्र निराळा होता. हातात खडू आला की त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. बीजगणिताला ते अजिबात भीत नसत, कारण त्यात चूक झाली तर डस्टरने पुसता येते, असं ते म्हणत. मुलांना त्यांनी कधी हात लावला नाही. पेपर तपासून देताना घडी घालून, गुण आतल्या बाजूला करून देत, म्हणजे शेजारच्याला दिसू नयेत. मात्र वर्गातली गोष्ट घरी कळवायची वेळ आली की ते पुन्हा पहिले दादा होत. त्याला कारण होतं, आणि ते मला माहीत होतं. नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी त्यांनी नववीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा लिहिला. शेरा खराच होता. दिवाळीनंतर ती मुलगी शाळेत आली नाही. लक्ष नाही तर फी कशाला भरायची, असं बाप म्हणाला म्हणे. पुढच्या उन्हाळ्यात दादा गॅसच्या फोनसाठी दुकानात आले असताना टेबलावर एका पत्रिकेचं प्रूफ पडलं होतं. त्यांनी ते उचललं, नवरीचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं आणि बराच वेळ ते हातात धरून उभे राहिले. मग मला एवढंच म्हणाले, “पाव्हणं, जरा सावकाश छापा.” त्या दिवशी ते फोन न करताच गेले.

तेव्हापासून त्यांनी शेरा लिहिणं सोडलं. प्रगतिपुस्तकात सगळ्यांना ‘समाधानकारक’. जे खरं सांगायचं ते स्वतःच्या पायाने घेऊन जायचे. त्यांच्या वर्गातली बरीचशी मुलं मखमलाबादकडच्या मळ्यांतली, भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरांतली. दादा संध्याकाळी मळ्यावर जाऊन बसत, चहा घेत, कोथिंबिरीला भाव आहे का विचारत, आणि हे सगळं करताना बापाचा चेहरा वाचत. चेहरा बरा असेल तर हळूच म्हणत, पोरगं हुशार आहे, फक्त अपूर्णांकांत अडतंय. चेहरा बरा नसेल तर कोथिंबिरीवरच बोलून परत येत आणि दोन दिवसांनी पुन्हा जात. एका मुलाचे अपूर्णांक कच्चे आहेत हे त्याच्या घरी पोचायला कधी कधी महिना लागे. पण त्या महिन्याभरात दादांनी ते पक्के करून घेतलेले असत, त्यामुळे सांगायची गरजच उरत नसे.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली आणि हातगाडीवाल्यापासून सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले. शाळेच्या अध्यक्षांनी कुठेतरी एक प्रात्यक्षिक पाहिलं आणि पालकांना रोज मेसेज पाठवायची योजना आणली. शाळेत कॉम्प्युटरची खोली होतीच, चपला बाहेर काढून जायची. तिथे वर्गशिक्षकाने रोज बसायचं, पडद्यावर मुलांची नावं येतील, प्रत्येकापुढे हजर की गैरहजर ते निवडायचं आणि चारांपैकी एक शेरा निवडायचा: प्रगती उत्तम, प्रगती बरी, अभ्यासात लक्ष नाही, पालकांनी त्वरित भेटावे. मग एक बटण दाबलं की इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत सगळ्या बापांच्या खिशात एकदम मेसेज. प्रगती रोजच्या रोज कशी होते हे अध्यक्षांना कुणी विचारलं नाही. दादा ही बातमी सांगायला दुकानात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याला रंग नव्हता. त्यांचं म्हणणं एकच होतं. समोरचा माणूस जेवलाय की उपाशी आहे, कुणाशी भांडून बसलाय की काय, हे फोनला कसं कळणार? आणि एकदा गेलेला मेसेज वाटेत कुठे थांबवता येतो का? मी नाही म्हटल्यावर ते स्टुलावर बसले आणि पाणी मागून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला शाळेत नेलं. मुख्याध्यापिका बाईंनी माझी ओळख विचारली तेव्हा ते म्हणाले, हे आमच्याबरोबर असू देत. कॉम्प्युटरला त्यांनी नमस्कार केला. नावं आली. ती यादी ते वाचत होते आणि प्रत्येक नावापुढे त्यांना घर दिसत होतं. ह्याचा बाप पट्टा काढतो. हिची आई काल दवाखान्यात होती. त्या दिवशी दोन मुलं गैरहजर होती आणि त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ करायला त्यांचं बोट काही केल्या उतरेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, आणि मी ते बोलून बसलो, की आपण काहीच केलं नाही तर यंत्र सगळ्यांना आपोआप ‘हजर, प्रगती उत्तम’ धरतं. दादांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्यांना बुडताना वर काढलं. मग डोळे मिटून त्यांनी शेवटचं बटण दाबलं आणि तापल्या तव्यावरून घ्यावा तसा हात मागे घेतला. गैरहजर मुलांकडे संध्याकाळी स्वतः जाऊन येतो म्हणाले, आणि गेलेही.

त्या दिवसापासून नववी ब चा वर्ग रोज हजर आणि रोज उत्तम. दादा येऊन एकच बटण दाबत आणि पळत वर्गात जात. महिना-दोन महिने सुखाचे गेले असं म्हणवत नाही, कारण सुखाचीही त्यांना भीतीच वाटे. पालक आनंदात होते. बाजारात कुणी दादांना गाठून बळेच मेथीची जुडी देई, कुणी पाया पडे. सगळ्यात वाईट म्हणजे एका बापाने ‘उत्तम’ वाचून वाचून पोराला सायकल घेऊन दिली. ते पोरगं गणितात शून्याच्या आसपास वावरत होतं. ती सायकल घंटी वाजवत समोरून आली की दादा दुकानाच्या फळीआड होत. मी त्यांना म्हटलं, हे एक दिवस अंगाशी येईल. ते म्हणाले, मला माहीत आहे, मी त्याच दिवसाची वाट बघतोय.

तो दिवस दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. नाशिकला दसऱ्याआधी मळ्यांतली झेंडूची फुलं तोडून, माळा करून बाजारात आणायची म्हणजे घरातलं सगळं माणूस लागतं. त्यात शाळेतलं माणूसही आलंच. त्या सकाळी दादांच्या वर्गात निम्मे बाक रिकामे होते. दादांनी रोजच्यासारखं बटण दाबलं. तेव्हा नदीकाठच्या फूलबाजारात त्यांचे निम्मे विद्यार्थी आपापल्या बापांशेजारी बसून सुईदोऱ्याने झेंडू ओवत होते. मला हे नंतर बाजारातल्या लोकांनी हसून हसून सांगितलं. आधी एका ढिगाआडून फोन टुणटुणला, मग शेजारच्या, मग समोरच्या, आणि बघता बघता सगळ्या ओळीत फोन वाजले. आपला पाल्य आज वर्गात हजर आहे, प्रगती उत्तम. बापांनी मेसेजकडे बघितलं, शेजारी बसलेल्या पाल्याकडे बघितलं. पुष्कळजण मोठ्याने हसले. एकजण तेवढा हसला नाही.

दुपारी शाळेच्या ऑफिसात फोन वाजला. दादा तिथेच होते, त्यांनी उचलला आणि सवयीने विचारलं, कोण गेलं? पलीकडून आवाज आला, “कोणी गेलं नाय सर. पोरगी हितं माझ्याशेजारी बसून माळा ओवतीये. मंग तुमच्या वर्गात हजर कोण हाय?” तो वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या सोनालीचा बाप होता. तो माणूस आवाज न चढवता बोलत राहिला, आणि तेच दादांना जास्त लागलं. म्हणाला, रोज मेसेज यायचा म्हणून मी निर्धास्त होतो. आज ती माझ्याजवळ असून तुमच्याकडे हजर हाय. मंग इतके दिवस तुमच्याकडे हजर होती तव्हा ती खरी कुठं होती? वयात आलेली पोर हाय सर. ह्या गोष्टी आम्हाला परवडत नाय. आता घरीच राहू दे तिला. आणि त्याने फोन ठेवला.

मी दुकानातून बाहेर बघत होतो. द्वारकेच्या चौकात ट्रक आणि एस.टी.च्या मधून एक माणूस हात हलवत चालत येत होता. बाजूचे हॉर्न ऐकू येत नाहीत. ते दादा होते. पायी. मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून आत आणलं. चौक कधी ओलांडला हे त्यांना कळलंच नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “पोरगी एक दिवस चुकली नाही हो शाळेला. आज पहिल्यांदा. आणि मी तिला आज हजर केलं.”

मुख्याध्यापिका बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दादांना बसवून सल्ला दिला होता, की यंत्राची चूक म्हणून सांगा, विषय मिटेल, अध्यक्षांच्याही कानावर जायला नको. सल्ला सोयीचा होता. मी स्कूटर काढली, दादा मागे बसले, आणि पंचवटीपर्यंत माझ्या पाठीमागून ते वाक्य घोकत होते: यंत्र बिघडलं होतं, यंत्र बिघडलं होतं. मला माझी स्वतःची काळजी वाटत होती, कारण ते मला दोन्ही हातांनी आवळून बसले होते. पण त्याहून मोठी भीती मलाही शिवली होती. खरं सांगितलं तर दादांची नोकरी जायची, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना. न सांगितलं तर एका मुलीची शाळा जायची. मधला रस्ता आहे असं मला वाटत होतं, म्हणून मीही मागे वळून म्हटलं, बरोबर आहे दादा, यंत्र म्हणूनच सांगा.

फूलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघाभर झेंडूचे ढीग, ओल्या पोत्यांचा वास, माणसांची आरडाओरड. सोनालीचा बाप उकिडवा बसला होता. मुलगी त्याच्याशेजारी मान खाली घालून ओवत होती. आम्ही आलो तरी तिने मान वर केली नाही, सुई तेवढी चालत राहिली. आजूबाजूचे दोन-चार बाप, मेसेज आलेले, गंमत बघायला जवळ सरकले. दादांनी घसा खाकरला. ते नेहमीसारखे त्या बापाचा चेहरा वाचत होते. चेहरा बरा नव्हता. दुसरा कुठला दिवस असता तर ते झेंडूचा भाव विचारून परत आले असते. मी वाट बघत होतो की आता यंत्र बिघडेल.

“यंत्र बरोबर आहे,” दादा म्हणाले. “खोटं मी बोललो. मी कुणालाच गैरहजर मांडत नाही. सगळ्यांना रोज हजरच पाठवतो.”

बापाने हातातली माळ खाली ठेवली आणि विचारलं, “मंग ते उत्तम? ते पण खोटंच का?”

दादांच्या कपाळावर घाम आला होता. “ते पण. गणितात कच्ची आहे. वार्षिकला नापास होईल की काय अशी धास्ती वाटते मला.”

“आधी नाय सांगायचं?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

“तुम्ही शाळा बंद कराल याची.”

“आन् आता?”

“आताही वाटतेच,” दादा म्हणाले, आणि शेजारच्या एका पोत्यावर बसले.

कुणी हसलं नाही. सायकलवाल्या मुलाचा बाप तिथे होता, तोही नाही. मग दादांनी एक प्रश्न विचारला, जो माझ्या डोक्यातही आला नव्हता. तुम्हाला मेसेज वाचता येतो का? बाप म्हणाला, मला कुठं येतंय इंग्रजी अक्षर, पोरगीच वाचती. आजचाही तिनेच वाचला? तिनंच. दादा पुढे वाकून, फक्त त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायला लागले, पण शेजारी असल्याने मलाही ऐकू आलं.

“तिला दुसरं काहीही वाचता आलं असतं हो. ‘आज सुट्टी आहे’ असं वाचलं असतं, तर तुम्हाला काय कळणार होतं? तिने हजर म्हणून जसंच्या तसं वाचलं, तुमच्यासमोर बसून. जी स्वतःच्या अंगावर येणारं खरं वाचून दाखवते ती इतके दिवस दुसरीकडे कशी असेल? ती रोज पहिल्या बाकावर होती. माझ्या शब्दाला आता किंमत नाही, मला कबूल आहे. पण तिच्या शब्दाला आहे.”

मुलीची सुई थांबली होती. तिने मान वर केली नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून खांद्याला गाल घासला. बापाने तिच्याकडे पाहिलं, मग दादांकडे, मग ढिगाकडे. म्हणाला, “दसरा होऊ द्या. बघतो.” त्याहून जास्त तो बोलला नाही, आणि आम्ही निघालो. जाताना त्याने झेंडूची एक माळ दादांच्या हातात ठेवली. ती रागाची होती का लोभाची हे दादांना कळेना, आणि मलाही कळलं नाही.

तो दसरा ताईंना अजून आठवतो. दादांनी आपट्याची पानं वाटली, पण ज्याला त्याला ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ काय होतो ते विचारत. बघतो म्हणजे हो की नाही? माझ्या बायकोने सांगितलं, पुरुषांचं बघतो म्हणजे नाही. ताई म्हणाल्या, मळ्यातल्या माणसाचं बघतो म्हणजे खरंच बघतो. दादांनी रात्री जेवण केलं नाही. शाळेतही गोष्ट लपली नव्हतीच. अध्यक्षांनी लेखी खुलासा मागवला आणि कॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडून काढून एका नव्या सरांना दिलं. नोकरी राहिली. ही शिक्षा ऐकून दादा बाईंना दोनदा धन्यवाद म्हणाले.

शाळा सुरू झाली त्या दिवशी ते घंटेच्या आधीच वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. मुलं येत गेली. प्रार्थना झाली. पहिला बाक रिकामा होता. दादांनी फळ्यावर समीकरण लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तास अर्धा झाला तेव्हा दारात सोनाली उभी होती, हाताची बोटं झेंडूने पिवळी, धापा टाकत. बापाने भाजीच्या टेम्पोतून आणून सोडलं होतं आणि टेम्पो वाटेत बंद पडला होता. दादांनी तिला काही विचारलं नाही. समीकरण सोडवायला तिलाच फळ्याजवळ बोलावलं. तिला ते आलं नाही.

त्या संध्याकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, पाव्हणं, तुमच्या मोबाइलवरून एक मेसेज पाठवायचा आहे, पण मी सांगतो तसाच. स्वतःचा मोबाइल त्यांनी घेतला नव्हता. खिशात घंटा घेऊन कोण फिरणार. त्यांनी सांगितलेला मजकूर तयार व्हायला चहाचे दोन कप गेले. एकेक शब्द ते मला लिहायला लावत, खोडायला लावत. शेवटी ठरलं ते असं: सोनाली आज हजर होती. उशिरा आली. गणितात कच्ची आहे. रोज शाळा सुटल्यावर थांबवून शिकवीन म्हणतो, चालेल का? पाठवायच्या वेळी त्यांनी माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. या वेळी डोळे उघडे होते.

उत्तर येईपर्यंत ते माझ्या दुकानात येरझारा घालत होते. एक लग्नाचं गिऱ्हाईक आलं होतं, त्याला वाटलं नवऱ्यामुलाचे वडील हेच. मग माझा फोन वाजला. उत्तर इंग्रजी अक्षरांत होतं, म्हणजे बापाने सांगितलेलं आणि मुलीने टाइप केलेलं. मी वाचून दाखवलं. बाबा म्हणतात चालेल. अंधाराच्या आत सोडा. आणि खाली आणखी एक ओळ होती, ती बापाने सांगितली नसणार; ती तिने स्वतःच घातली असणार. बाबांना भीती वाटते.

दादांनी फोन माझ्या हातून घेतला. त्यांना ती अक्षरं नीट लागत नव्हती तरी ती ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा वाचली. “पाव्हणं,” ते म्हणाले, “तो पण घाबरतो.” त्यांच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलेलं पाहिलं. इतकी वर्षं आपण एकटेच घाबरतो अशी बिचाऱ्यांची समजूत होती.

सोनाली गणितात काठावर पास झाली. पुढे दहावीही झाली. दादा निवृत्त होऊन घोटीला मुलाकडे राहायला गेले, तिथे भाताच्या गिरण्यांच्या आवाजाला घाबरत एक पावसाळा काढला, आणि एका दुपारी झोपेतच गेले. त्यांना जाण्याची भीती वाटायलाही सवड मिळाली नाही, असं ताई म्हणतात. ताईंचा फोन आला तेव्हा घंटा नेहमीसारखीच वाजली आणि मी नेहमीसारखं हॅलो म्हटलं.

आता माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेतून दर शनिवारी मेसेज येतो. प्रगती उत्तम, असं त्यात लिहिलेलं असतं, किंवा कधी लक्ष नाही, असंही. दोन्ही सारख्याच झटकन येतात. मी ते वाचतो, मुलीला वाचून दाखवतो, ती हो म्हणते. पण ते पाठवणाऱ्या माणसाला पाठवताना माझ्या पोरीसाठी थोडीशी तरी भीती वाटली असेल का, हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं, आणि मला नेमकं तेवढंच वाचायचं असतं.